जुन्या ट्रॅक्टरचा लोडर अर्ध्या तासात निघेल असा करून घ्या

सोलापूर जिल्ह्यात जुन्या ट्रॅक्टरला लोडर बसवलेला असतो तो शेणखत, मुरूम आणि माती भरायला. डाळिंबाचा बहार धरायच्या आधी खताच्या ट्रॉल्या भरायच्या, शेततळ्याचा भराव सारखा करायचा, रानातल्या रस्त्यावर मुरूम ओढायचा. एवढं झालं की पुढचे कित्येक महिने तो लोडर नुसता पुढे लटकत राहतो. काढून का ठेवत नाही विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: काढायला एक दिवस, बसवायला दोन दिवस, आणि चार माणसं आणायची कुठून?

त्या लटकण्याची किंमत मोठी आहे. लोडरचं वजन पाच क्विंटलच्या आसपास असू शकतं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या मॅसी, महिंद्रा किंवा स्वराजवर दिवसभर स्टिअरिंग ओढून खांदे भरून येतात. किंगपिनचे (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन) बुश (पिनेभोवतीची धातूची नळी), अ‍ॅक्सलची मधली पिन आणि पुढचे टायर वेळेआधीच झिजतात. काळ्या रानात पाऊस पडून गेला की पुढची चाकं रुततात. डाळिंबाच्या बागेत दोन ओळींत साडेचार मीटर अंतर धरलं, तरी पुढे बकेट असताना बांधावर वळताना शेवटच्या झाडाची फांदी मोडतेच. म्हणून लोडर काढता येण्यासारखा करून घेणं हे हौसेचं काम नाही, ट्रॅक्टरचं आयुष्य वाढवणारं काम आहे.

हा लेख पहिल्यांदाच असं काम करून घेणाऱ्यासाठी आहे. वेल्डिंग आणि लेथचं काम कारागिराकडूनच करून घ्या. पण काय करायचं आणि काय करू द्यायचं नाही, हे मालकाला माहीत असायलाच हवं, कारण लोडरखाली उभा राहणारा माणूस मालकाच्या घरचा असतो.

आधी लोडर धुऊन बघा

प्रेशर वॉशरने चिखल आणि ग्रीसचे थर काढा. मळलेल्या लोडरवर काहीच ठरवता येत नाही. मग बघायला लागा. फ्रेम म्हणजे ट्रॅक्टरला आवळलेला सांगाडा, खांब म्हणजे तिच्यावरचे दोन उभे आधार, आणि बूम म्हणजे खांबांपासून बकेटपर्यंत जाणारे हात. खांब फ्रेमला बोल्टने जोडलाय की वेल्डिंगने एकसंध केलाय? फ्रेम मागे कुठपर्यंत गेलीय? तेलाचा पंप कुठून चालतो? कंट्रोल व्हॉल्व्ह (लिव्हरने तेल हवं तिकडे सोडणारा) ट्रॅक्टरवर आहे की लोडरच्या खांबावर? जुन्या वेल्डिंगला केसासारखी बारीक रेघ दिसते का? अशा रेघेतून बऱ्याचदा गंजाचं तपकिरी पाणी ओघळलेलं असतं. ती दिसली तर आधी तिची दुरुस्ती, बाकी सगळं नंतर.

पिना पहारीने हलवून बघा. बूमच्या पिनेचं भोक लांबुळकं झालं असेल तर तिथला बुश आत्ताच बदला. ढिल्या लोडरला नवी जोडणी केली तर ती पण महिनाभरात ढिली होते.

फ्रेम ट्रॅक्टरवरच राहू द्या

या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लचचं बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचं अ‍ॅक्सल ही बिडाची (कास्ट आयर्नची) घरं एकमेकांना बोल्टने जोडलेली असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. लोडरने ढिगात धडक मारली की तो धक्का या कण्यातून मागे जातो. चांगल्या लोडरची फ्रेम म्हणूनच पुढच्या बंपरपासून थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या ट्रंपेटपर्यंत (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या बिडाच्या नळीपर्यंत) गेलेली असते आणि तिथे यू बोल्टने आवळलेली असते. धक्का फ्रेम खाते, बेल हाउसिंगवर येऊ देत नाही.

‘लवकर निघायला हवा’ म्हटलं की काही कारागीर सरळ सुचवतात की मागचा भाग कापून टाकू, फ्रेम आखूड करू, बेल हाउसिंगच्या बोल्टांवरच धरू. याला स्पष्ट नाही म्हणा. त्याने लोडर हलका होईल, काढायलाही सोपा होईल, पण एक दिवस मुरमाच्या ढिगात बकेट घुसताना बेल हाउसिंगला तडा जाईल. मग ट्रॅक्टर मधून दोन तुकडे करून उघडावा लागतो.

फ्रेम कायमची ट्रॅक्टरवर राहील. सुटायचा तो वरचा भाग: दोन्ही खांब, बूम, बकेट आणि त्यांना हलवणारे तेलाच्या दाबाचे जॅक. फ्रेमचं वजन राहतं, पण ते बरंचसं दोन्ही अ‍ॅक्सलांच्या मध्ये असतं, पुढे लोंबत नाही. नांगरट, रोटाव्हेटर, ट्रॉली, कशालाच त्याची अडचण होत नाही. फ्रेमचे बोल्ट मात्र या निमित्ताने एकदा बघून घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा लिहिलेला नसेल तर तो साधा बोल्ट आहे, बदलून टाका.

खोबण खाली, पिन वर

जोडणी कशी करायची हे समजायला बळ कुठून कुठे जातं ते बघावं लागतं. बकेट भरून उचलली की लोडर पुढे झुकायला बघतो. खांबाचा वरचा भाग पुढे ओढला जातो आणि खालचा भाग मागे, फ्रेमकडे दाबला जातो. म्हणून खालच्या टोकाला उघडी खोबण चालते, वरच्या टोकाला मात्र पिनच हवी.

फ्रेमवर दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पट्ट्यांचा ब्रॅकेट करा. पट्टी १६ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, आणि भंगारातली कुठलीही न घेता आयएस २०६२ (भारतीय मानकाचं बांधकामाचं पोलाद) ची घ्या. दोन पट्ट्यांमध्ये खांबाची पट्टी सरकेल एवढीच जागा, एकूण दोन ते तीन मिलिमीटर सैल. ब्रॅकेटच्या खालच्या भागात वर तोंड असलेली यू आकाराची खोबण कापा, निदान दोन-अडीच इंच खोल. खांबाच्या तळाला ४० मिलिमीटरचा गोल बार आडवा जोडा, तो वरून या खोबणीत बसेल. खोबणीचं तोंड पुढे ठेवायचा मोह होतो, कारण ट्रॅक्टर मागे घेतला की खांब आपोआप सुटेल असं वाटतं. पण बकेट जमिनीवर दाबून ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला की बळ उलटं होतं आणि पुढे तोंड असलेल्या खोबणीतून बार बाहेर यायला बघतो. वर तोंड असेल तर पुढची-मागची दोन्ही बळं खोबणीच्या भिंती घेतात आणि वरची पिन खांब उचलू देत नाही.

वरची पिन ईएन ८ या मजबूत पोलादाच्या बारची, निदान ३२ मिलिमीटरची. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला लिंच पिन (मोठी पिन निसटू नये म्हणून लावायची कडीची छोटी पिन). पुढचं टोक लेथवर निमुळतं करून घ्या, म्हणजे भोक केसभर पुढे-मागे असलं तरी पिन स्वतः वाट शोधते. भोक आणि पिनेत साधारण अर्धा मिलिमीटर फरक हवा. अगदी तंग पिन धूळ आणि गंजाने अडकते, मग घणाने ठोकायची वेळ येते.

भोक गॅस कटरने कापू देऊ नका. कापलेलं भोक हाताने चाचपून बघा: कडेला दातेरी उंचवटे लागतात, पिन त्यावर दोन-तीन ठिकाणीच टेकते आणि दोन महिन्यांत ते उंचवटे झिजून भोक अंडाकृती होतं. दोन्ही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून ड्रिल करा, मग त्यात जाड बुश जोडून तो लेथवर हव्या मापाचा करून घ्या. शहरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, आणि बार्शी, पंढरपूर, अकलूजलाही हे काम नीट करणारे लेथवाले मिळतात. तेवढी एक फेरी मारायला कंटाळू नका.

पिन आणि खोबण यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. हिशोब साधा आहे. बकेट, बूम आणि माल मिळून ५०० किलो धरा आणि ते वजन खांबापासून २ मीटर पुढे आहे असं धरा. प्रत्येक खांबावर निम्मं वजन, म्हणजे २५० किलो गुणिले २ मीटर, असा ५०० चा मुरडा येतो. दोन जोडांमध्ये एक फूट अंतर असेल तर पिनेवर साधारण १,६७० किलोचं बळ. अंतर अर्धा फूट केलं तर ३,३३० किलो. हे लोडर स्थिर उभा असतानाचं. भरलेली बकेट खाली येताना मध्येच झटक्याने थांबवली तर त्याच्या दुप्पट-तिप्पट होतं. म्हणून एक फुटाच्या खाली येऊ नका.

पुढचं चाक जाणार कुठून?

याचा विचार बहुतेक जण काम झाल्यावर करतात. लोडर सोडल्यावर ट्रॅक्टर मागे घ्यायचा असतो. पण पुढची चाकं खांबांच्याही पुढे असतात, म्हणजे मागे येताना ती उभ्या करून ठेवलेल्या लोडरच्या खांबांजवळूनच जाणार. ६.००-१६ चा टायर जमिनीपासून सुमारे अडीच फूट उंच असतो. सोडलेल्या खांबाचा तळ त्याहून उंच राहायला हवा, नाहीतर खांब चाकाच्या आतल्या अंगाला तरी असायला हवा. ब्रॅकेटची जागा ठरवायच्या आधी स्टिअरिंग सरळ ठेवा, चाकाची बाहेरची कड, आतली कड आणि उंची टेपने मोजा आणि जमिनीवर खडूने आखून घ्या.

लोडरला उभं ठेवायला दोन स्टँड लागतात. बकेट पुढे टेकलेली आणि मागे हे दोन पाय. पाय बूमच्या खांबाकडच्या टोकाला, पण चाकाच्या बाहेरच्या कडेपासून चार बोटं तरी लांब. त्यासाठी बूमवरून बाहेर आलेला एक मजबूत आडवा तुकडा द्यावा लागतो.

पायासाठी ट्रॉलीला असतो तसा स्क्रू जॅकच घ्या. तो आपल्याकडे कुठेही मिळतो, दुरुस्तही होतो. मूठ फिरवली की लोडरचा मागचा भाग तीन-चार इंच वर येतो आणि बार खोबणीतून अलगद बाहेर. नुसता भोकं पाडलेला पाईप दिला तर उचलायला पुन्हा पहार आणि माणसं लागतात, आणि मग सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय? जॅकच्या तळाला एक फूट लांब-रुंद पत्रा असू द्या. काळ्या मातीत त्याशिवाय पाय आत जातो.

तेलाचे पाईप

जुन्या लोडरचे होज (तेलाचे रबरी पाईप) पान्याने आवळायच्या नटांचे असतात. दरवेळी ते सोडले की तेल सांडतं, धूळ आत जाते आणि ती धूळ पंप खाते. कंट्रोल व्हॉल्व्ह ट्रॅक्टरवरच ठेवा आणि व्हॉल्व्ह ते लोडर या चार पाईपांवर अर्ध्या इंची क्विक कपलर (पान्याशिवाय हाताने जोडता-सोडता येणारे जोड) बसवा: दोन बूमच्या जॅकचे, दोन बकेटच्या जॅकचे. चारही कपलर एका पट्टीवर, हाताच्या उंचीवर, चाकाचा चिखल उडणार नाही अशा जागी. बूमच्या जोडीत एक नर आणि एक मादी ठेवा, बकेटच्या जोडीतही तसंच. त्यामुळे एका जोडीतले दोन पाईप आपसात बदलत नाहीत. दोन जोड्या ओळखायला रंगीत टेप गुंडाळा, लाल बूमला, पिवळी बकेटला. कपलरच्या रबरी टोप्या हरवू देऊ नका. ज्वारीच्या मळणीची धूळ एकदा कपलरमध्ये बसली की सील कापते.

व्हॉल्व्ह खांबावर असेल तर तो ट्रॅक्टरवर हलवून घ्या. नाही हलवता आला, तर लोडर सोडल्यावर पंपाचा प्रेशर पाईप आणि टाकीकडे जाणारा रिटर्न पाईप एका छोट्या होजने एकमेकांना जोडलेच पाहिजेत, तेही इंजिन चालू करायच्या आधी. क्रँकच्या पुलीवरून चालणारा पंप इंजिनबरोबर फिरत राहतो. तेलाला जायला वाट नसेल तर होज फुटतो किंवा पंप जातो. व्हॉल्व्ह ट्रॅक्टरवर असेल तर न्यूट्रलला तेल आपलं टाकीत परत जातं, फक्त लिव्हरला एक अडकवणी करा, म्हणजे लोडर नसताना पोरंटोरं ती ओढणार नाहीत.

आणि आपल्या उन्हाची एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या लोडरच्या होजमध्ये अडकलेलं तेल तापून फुगतं आणि कपलर काही केल्या बसत नाही. लोक हातोडी मारतात, कपलर बिघडतो. सोडतानाच इंजिन बंद करून दोन्ही लिव्हर चारही दिशांना हलवल्या की दाब निघून जातो. होज आणि कपलर सावलीत राहतील असं बघा, निदान पोत्याने झाका.

गळती शोधायला हात फिरवू नका. सुईएवढ्या छिद्रातून येणारं दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं. बाहेर ठिपका दिसतो, आत बोट सडतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तरीही लागलंच, तर दुखो न दुखो, तडक दवाखाना गाठा आणि हायड्रोलिकचं तेल आत गेलंय असं डॉक्टरांना सांगा.

वेल्डिंगच्या दिवशी

ट्रॅक्टर सपाट फरशीवर. बकेट जमिनीवर, बूमखाली लाकडी ठोकळे. जॅकच्या भरवशावर कुणीही खाली जायचं नाही. बॅटरीची दोन्ही टोकं काढा, डिझेलची टाकी आणि होज ओल्या पोत्याने झाका, बादलीभर पाणी आणि वाळू जवळ ठेवा. वेल्डिंगची अर्थिंगची वायर जोडाच्या अगदी जवळ लावा. ती मागच्या चाकाला लावली तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात.

बेल हाउसिंग, गिअरबॉक्स, ट्रंपेट यांच्यावर एकही टाका मारायचा नाही. ते बीड आहे, वेल्डिंगच्या तापाने तडकतं. वेल्डिंग फक्त लोडरच्या स्वतःच्या पट्ट्यांवर.

आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून ब्रॅकेट जागेवर लावून बघा. मग खरे ब्रॅकेट ठेवा, खांब खोबणीत बसवा, दोन्ही पिना घाला आणि त्या अवस्थेत नुसते टाके मारा. ओळंबा आणि गुण्या लावून दोन्ही खांब सारखे आहेत का बघा. पिना हाताने निघतात का बघा. निघत असतील तरच पक्कं वेल्डिंग, आणि तेही एका बाजूला थोडं, दुसऱ्या बाजूला थोडं. एकाच बाजूला सलग मारलं तर पट्टी खेचली जाते आणि पिन अडकते. गेट-खिडक्यांना वापरतात तो ६०१३ चा रॉड इथे नको. ७०१८ चा कोरडा रॉड घ्या. पाकीट पावसाळ्यापासून उघडं पडलेलं असेल तर तो रॉड वापरू देऊ नका.

पहिल्यांदा काढताना

एका माणसाने ट्रॅक्टर, एकाने पिना. तिसरा उगाच मध्ये नको.

१. सपाट, कडक जागी उभे राहा. बकेट रिकामी, तळ जमिनीवर सपाट टेकवा. हँडब्रेक लावा.

२. स्क्रू जॅक खाली करा, जमिनीला टेकेपर्यंतच.

३. वरच्या पिनेवरचा भार गेला की नाही बघा. पिन बोटांनी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर बूमची लिव्हर अगदी किंचित इकडे-तिकडे करा. बूमचा जॅक आत गेला की खांबाचा तळ पुढे ओढला जातो, बाहेर आला की मागे ढकलला जातो. मध्ये कुठेतरी पिन सैल होते. हे करताना पिनेवाल्याचे हात बाहेर.

४. इंजिन बंद. पिना काढा. लिव्हर हलवून दाब सोडा, कपलर सोडा, टोप्या लावा. होज बूमवर बांधून टाका, लोंबणारा होज चाकाखाली जातो.

५. दोन्ही स्क्रू जॅक आळीपाळीने फिरवा, एका बाजूला दोन फेरे, दुसऱ्या बाजूला दोन. बार खोबणीच्या वर आला की थांबा.

६. स्टिअरिंग सरळ, लो गिअर, हळूच मागे.

बसवताना हेच उलट्या क्रमाने. ट्रॅक्टर पुढे आणताना खोबण बारच्या बरोबर खाली यावी म्हणून जमिनीवर चुन्याची रेघ मारून ठेवली तर एकट्यालाही जमतं. लोडर सोडला ती जागा मात्र हलवू नका. एका बाजूचा जॅक जमिनीत दबला तर दोन खांबांची उंची बदलते आणि मग दुसरी पिन बसत नाही. गोठ्याजवळ चार बाय आठ फुटाचा काँक्रीटचा ओटा टाकला तर हा त्रास कायमचा मिटतो. पिना काढून घरात नेऊ नका, लोडरच्याच भोकात घालून ठेवा, नाहीतर वेळेला सापडत नाहीत. लोडर उभा असताना लहान मुलं त्यावर चढतात, त्यांना अडवा.

नवी जोडणी झाल्यावर पहिल्याच दिवशी मुरूम भरायला जाऊ नका. रिकामी बकेट वर-खाली, मग अर्धी शेणखताची, मग पूर्ण. प्रत्येक वेळी उतरून ब्रॅकेटचे जोड बघा. रंग लगेच मारू नका. रंगाखाली तडा दिसत नाही, नुसत्या प्रायमरवर दिसतो. दहा-बारा तास काम झाल्यावर फ्रेमचे सगळे बोल्ट आणि यू बोल्ट पुन्हा आवळा. ते थोडे बसतातच.

लोडर लावलेला असताना मागे वजन हवंच. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी, किंवा थ्री पॉइंटला दगड भरलेली पेटी. मागे वजन नसेल तर भरलेली बकेट वर असताना मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक तर मागच्याच चाकांना असतात.

कागदाचंही एक काम आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. तुमचा ट्रॅक्टर एमएच १३ चा असेल तर सोलापूरच्या, एमएच ४५ चा असेल तर अकलूजच्या आरटीओत लोडरबद्दल आधी विचारून घ्या, विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि लोडरचं बिल जपून ठेवा. सुटा होणारा लोडर असला की एक सोय होते: उसाची ट्रॉली ओढायला किंवा बाजार समितीत कांदा घेऊन जायला रस्त्यावर निघताना तो घरी ठेवता येतो. लोडर लावूनच रस्त्यावर जावं लागलं तर बकेट रिकामी आणि जमिनीपासून फूटभर वर, त्याहून उंच नको.

दर हंगामाला खोबणीतली माती खरवडून काढा, बार आणि पिनेला ग्रीस लावा, आणि बुशमध्ये पिन किती हलते ते बघा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलायला लागली की नवी पिन करून घ्या. पिन स्वस्त असते, बुश त्याहून महाग, आणि ब्रॅकेट बदलायचा म्हणजे हे सगळं काम पुन्हा.